सरळ कोणी उडायचे, माकडाने की गिधाडाने?

बेंगळुरूच्या दक्षिणेला, तामिळनाडूच्या हद्दीला खेटून आनेकल तालुका आहे. जुन्या लोकांना आनेकल माहीत होते ते रेशमाच्या हातमागासाठी. आज त्याच तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती पसरल्या आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरूची पिवळी मेट्रो थेट बोम्मसंद्रपर्यंत धावू लागली आहे. या पट्ट्यात आम्ही राबतो. आमच्यात निपाणी-चिकोडीचे आहेत, सोलापूर-लातूरचे आहेत. शेजारच्या मशीनवर कन्नड, तमिळ, ओडिया, भोजपुरी बोलणारे भाऊ आहेत. पाळी एक, डबा एक, आणि आता आलेले संकटही एकच आहे.

संकट आले ते गाणे गात आले. आमच्यापैकी काही जण ज्या कारखान्यात आहेत तिथे व्यवस्थापनाने बाहेरून एक सल्लागार आणले. विषय होता 'बदलाला सामोरे जा'. साहेबांनी सुरुवातीलाच स्पीकरवर एक जुने अमेरिकन गाणे लावले. चाल झकास, पाय आपोआप ठेका धरतील अशी. मग साहेब म्हणाले, हे महायुद्धाच्या काळातले तिथले पहिल्या क्रमांकाचे गाणे. त्या वेळी ग्रामोफोन आणि रेडिओ आले, हजारो वादकांची कामे गेली. कुणी जगाचा रहाटगाडा थांबवला का? शहाणे बदलले, बाकीचे मागे पडले. गाण्याचे नावच सांगते, सरळ व्हा आणि नीट उडा!

एवढे झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. अनुभवी ऑपरेटरांच्या कपाळावर पट्ट्याने एक छोटा कॅमेरा बांधायचा आहे. हात कसा फिरतो, कान मशीनचा आवाज कसा ओळखतो, जॉब हातात घेतल्यावर खोट कशी कळते, हे सगळे टिपून घ्यायचे आहे. ते कशासाठी? 'ज्ञान जपून ठेवण्यासाठी.' त्याचा मोबदला? त्या दिवशीचा नेहमीचा पगार आणि एक प्रमाणपत्र.

आमच्यातल्या एका तरुण साथीने गाण्याचे नाव विचारून ठेवले. रविवारी चंदापुऱ्याच्या खोलीवर आम्ही जमलो आणि त्या गाण्याचा इतिहास उकरून काढला. साहेबांचे आभार मानले पाहिजेत. आमच्याविरुद्ध वापरण्यासाठी त्यांनी निवडून निवडून असा पुरावा आणला, की तो त्यांच्यावरच उलटावा!

गाण्यातली गोष्ट

गाण्याचे नाव 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट'. गायक आणि पियानोवादक नॅट किंग कोल. सोबत गिटार आणि बास वाजवणारे दोघे, असे हे त्रिकूट. १९४४ साली हे गाणे अमेरिकेतल्या काळ्या श्रोत्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. कोलचे वडील शिकागोत धर्मोपदेशक होते. प्रवचनात ते काळ्या लोकांमधली एक जुनी लोककथा सांगत, त्या कथेवर हे गाणे बेतले आहे.

कथा अशी. एक गिधाड असते. ते जनावरांना पाठीवर घेऊन आकाशाची सैर घडवते. सैर फुकट! उंच गेले, भूक लागली, की पाठीवरच्याला खाली टाकायचे आणि जेवण उरकायचे. एका माकडाने ही लबाडी झाडावरून पाहून ठेवलेली असते. आपली पाळी आल्यावर ते पाठीवर बसते आणि गिधाड त्याला टाकू लागताच त्याच्या मानेला शेपटीचा फास घालते. मग त्याला बजावते, आता मुकाट्याने सरळ उड!

म्हणजे 'सरळ उड' हे कोण कोणाला म्हणते? पाठीवर बसलेला दुबळा, त्याला खाऊ पाहणाऱ्या बलवानाला म्हणतो. सल्लागार साहेबांनी गिधाडाचे भाषण केले आणि वाक्य मात्र माकडाचे उसने घेतले. काळ्या माणसांना मालकासमोर उघड बोलता येत नव्हते, तेव्हा त्यांनी माकडाच्या तोंडून बोलून घेतले. ते गाणे अख्ख्या अमेरिकेने गुणगुणले. गिधाडेही ठेका धरून नाचली असतील!

आणि खुद्द या गाण्याचे काय झाले? त्याचे हक्क कोलने आधीच एका प्रकाशकाला किरकोळ रकमेला विकून टाकले होते. गाणे गाजले, पैसा दुसऱ्याच्या घरी गेला. माकडाची गोष्ट सांगणाऱ्यालाही गिधाड भेटलेच.

'कुणी थांबवले का?' होय, थांबवले होते

आता साहेबांच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. यंत्र आले तेव्हा कुणी काही थांबवले का? साहेब, ज्या वर्षांतली गाणी तुम्ही ऐकवता, नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेतल्या वादकांनी देशभरातले ध्वनिमुद्रण बंद पाडले होते. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना आदेश दिला, की तबकड्यांसाठी वाजवायचे नाही. नाचगृहात वाजवा, रेडिओवर प्रत्यक्ष वाजवा, पण कंपनीच्या मुद्रणयंत्रासमोर वाद्य उचलू नका. हा संप सव्वादोन वर्षांहून अधिक काळ चालला. आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बलाढ्य कंपन्यांनी ११ नोव्हेंबर १९४४ रोजी सही केली तेव्हा तो संपला.

कारण काय होते? तिथल्या खानावळीत, दारूच्या गुत्त्यात, कोपऱ्यावरच्या हॉटेलात पूर्वी दोन-चार वादक वाजवत. त्यांच्या जागी ज्यूकबॉक्स आला, म्हणजे नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजवणारे कपाट. रेडिओ केंद्रेही वादक ठेवण्याऐवजी तबकड्या लावू लागली. त्याआधी बोलपट आला तेव्हा मूकपटाच्या थिएटरांतले हजारो वादक रस्त्यावर आलेच होते. संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता. इतर धंद्यांत कामगाराची जागा घेणारे यंत्र दुसरा कुणीतरी बनवतो, पण वादक जेव्हा तबकडीसाठी वाजवतो तेव्हा आपले काम खाणारे यंत्र तो स्वतःच घडवून देतो. एकदा वाजवून घेतले की तीच तबकडी हजार ठिकाणी, हजार दिवस वाजते, आणि हजार दिवसांची मजुरी बुडते.

साथींनो, 'वादक' हा शब्द काढून 'ऑपरेटर' घाला, तबकडीच्या जागी कपाळावरचा कॅमेरा घाला. एकही मुद्दा बदलावा लागत नाही!

त्यांची मागणी काय होती तेही नीट समजून घ्या, कारण आपल्यावर नेहमी 'यंत्रविरोधी' असा शिक्का मारला जातो. ग्रामोफोन फोडा, असे ते म्हणाले नाहीत. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे कंपनीने ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत भरावी आणि त्या निधीतून बेकार वादकांना काम द्यावे, त्यांनी लोकांसाठी मोफत कार्यक्रम करावेत, एवढीच ती मागणी. यंत्र चालू दे, पण यंत्रात साठवलेली मेहनत जितक्या वेळा विकशील तितक्या वेळा तिचा हिस्सा दे.

यावर काय गहजब झाला! युद्ध चालू आहे आणि हे संप करतात, देशद्रोही आहेत, पेट्रिलो हुकूमशहा आहे, अशी वर्तमानपत्रांनी झोड उठवली. हे शब्द आपल्याला नवे नाहीत. १९४४ च्या जूनमध्ये सरकारच्या युद्धकालीन कामगार मंडळाने संप मागे घ्या असे फर्मावले. ऑक्टोबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तारेने विनंती केली. संघटना हटली नाही. आणि देशद्रोहाचे म्हणाल तर सैनिकांसाठीच्या 'व्ही-डिस्क' तबकड्या वादकांनी १९४३ पासून मोबदला न घेता वाजवून दिल्या. अट एकच, त्या बाजारात विकायच्या नाहीत. सैनिकाला फुकट, नफेखोराला नाही! या तबकड्या समुद्रापार अमेरिकी छावण्यांत जात. त्या वेळी आपल्या बेंगळुरूतला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना, जो १९४० साली वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने उभारला, तोही अमेरिकी हवाई दलाच्या विमानदुरुस्तीचे ठाणे झालेला होता.

कंपन्यांनी काय केले? संप होणार हे दिसताच त्यांनी घाईघाईने मुद्रण करून साठा केला. तो संपत आल्यावर जुनी गाणी नव्या नावाने बाहेर काढली. ड्यूक एलिंग्टनची १९४० साली मुद्रित झालेली एक रचना १९४३ मध्ये 'डोन्ट गेट अराउंड मच एनीमोर' या नावाने काळ्यांच्या यादीत पहिली आली, ती अशीच. मग गायकांना वाद्यांशिवाय, नुसत्या कोरसच्या साथीवर गायला लावले, कारण गायक या संघटनेत नव्हते. माल संपला, ग्राहक मात्र रांगेत. सप्टेंबर १९४३ मध्ये डेका कंपनीने हात टेकले आणि करारावर सही केली. ऑक्टोबरात कॅपिटॉल कंपनीने केली.

आता गंमत पाहा. डेकाची सही झाल्यावर लगेच ऑक्टोबर १९४३ मध्ये लुई जॉर्डनने 'रेशन ब्लूज' मुद्रित केले. साखर-मटणाच्या रेशनिंगवरचे ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी मुंबईतही धान्याचे रेशनिंग सुरू झाले होते, म्हणजे ते दुःख आपल्या चाळीतल्या माणसालाही सांगावे लागले नसते. आणि कॅपिटॉलची सही झाल्यावर ३० नोव्हेंबर १९४३ रोजी नॅट किंग कोलने आपले माकड-गिधाडाचे गाणे मुद्रित केले. म्हणजे आनेकलमध्ये आम्हाला जे गाणे लावून 'संघटना निरुपयोगी' असे शिकवले गेले, ते गाणे संघटनेने करार मिळवल्यानंतर तबकडीवर उतरले होते! साहेबांनी आमच्या विजयाची तबकडी आम्हालाच ऐकवली.

त्या तबकडीत कोणाकोणाची मेहनत होती?

ज्या यादीत ही गाणी वर चढली तिची कहाणीही बोलकी आहे. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने २४ ऑक्टोबर १९४२ पासून 'हार्लेम हिट परेड' ही यादी छापायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतल्या दुकानांत कोणत्या तबकड्या जास्त खपतात, त्यावर ती बेतलेली असे. पहिल्या यादीत अँडी कर्कचा वाद्यवृंद पहिला होता. १९४५ मध्ये यादीचे नाव बदलून त्यात 'रेस' म्हणजे वंश हा शब्द आला आणि १९४९ मध्ये 'रिदम अँड ब्लूज' हे नाव मिळाले. व्यापाऱ्यांना अचानक हार्लेम का दिसू लागले? कारण काळे शेतमजूर दक्षिणेतून युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आले होते आणि त्यांच्या हातात रोख पगार पडत होता. तो पगारही कुणी दयेने दिलेला नव्हता. रेल्वेतल्या काळ्या हमालांचे पुढारी फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला तेव्हा कुठे जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी युद्धउद्योगांत वर्णभेद करू नये असा आदेश काढला. यादीतला पहिला क्रमांक संघटित कामगाराच्या पगारपाकिटातून उभा राहिला.

आणि तबकडी कशाची? त्या काळची तबकडी बनायची लाखेपासून, आणि ती लाख जायची आपल्या देशातून. छोटा नागपूरच्या जंगलात पळसाच्या, बोरीच्या फांद्यांवरून आदिवासी बायाबापड्या ती खरवडून गोळा करत. युद्ध पेटले, सागरी मार्ग धोक्यात आले, लाख युद्धसामग्रीसाठी हवी झाली. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरात सत्तर टक्के कपात केली. कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, नव्या करू लागल्या. म्हणजे हार्लेमच्या ज्यूकबॉक्सला आपल्या जंगलातल्या मजुरावाचून ठेका धरता येत नव्हता. त्या मजुराचे नाव कोणत्या यादीत आले? कोणत्याच नाही. माल सात समुद्र ओलांडतो, कामगाराचे नाव मात्र गावची वेससुद्धा ओलांडत नाही.

आपल्या घरातले कुसळही दाखवू

आम्ही काही पोथी वाचत नाही. ज्या संघटनेचा हा लढा, तिच्या अंगावर मोठा डाग होता. बहुतेक शहरांत गोऱ्या वादकांची शाखा वेगळी आणि काळ्यांची वेगळी. शिकागोत गोऱ्यांची शाखा क्रमांक १० आणि काळ्यांची २०८. पेट्रिलो स्वतः शाखा १० चे अध्यक्ष. चांगल्या पगाराची कामे गोऱ्या शाखेच्या हातात. शिकागोच्या या दोन शाखा एक व्हायला १९६६ साल उजाडावे लागले. ज्यांच्या गाण्यांनी याद्या भरल्या, त्यांना आपल्याच संघटनेत मागच्या दाराने यावे लागत होते.

नाक मुरडण्याआधी आपण मुंबईच्या गिरण्या आठवू. विणखात्यात पगार जास्त, आणि तिथेच दलित कामगाराला मज्जाव. धाग्याला तोंड लावावे लागते, विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांना रोखठोक विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळच्या चळवळीजवळ नव्हते आणि त्या दुराव्याची किंमत चळवळीने पुढे भरली. मालकाशी लढताना आतल्या भिंती तशाच ठेवल्या, की विजयही अर्धाच पदरात पडतो. आज आपल्याकडची ती भिंत म्हणजे कायम आणि कंत्राटी. आनेकल पट्ट्यात कायम कामगाराच्या कपाळावर कॅमेरा बांधतील, आणि त्याने शिकवलेल्या यंत्राखाली सगळ्यात आधी चिरडला जाईल तो कंत्राटी कामगार. दोघांच्या शाखा वेगळ्या ठेवून हा लढा कसा लढणार?

मुंबईच्या तबकडीत कोणाचे नाव?

कुणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे झाले. मग आपल्या मुंबईकडे या. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या नाचगृहात काळे अमेरिकन वादक येऊन वाजवत. त्यांपैकी पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने गेला. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे ख्रिस्ती वादक ती नवी लय शिकले. हल्दोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला. पुढे हेच लोक सिनेमाच्या स्टुडिओत आले. आपले मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तली १९५१ ची गाणी आजही लग्नाच्या वरातीत नाचवतात. त्यातल्या तुताऱ्यांमागे या वादकांचे दम होते.

१९४३ च्या 'किस्मत'मधले कवी प्रदीप यांचे आणि अनिल विश्वास यांनी चाल दिलेले ते परक्यांना हुसकावणारे गाणे घ्या. वरवर जर्मनी-जपानविरुद्ध, म्हणून सेन्सॉरने सोडले. लोकांनी मात्र त्याचा खरा अर्थ लगेच ओळखला आणि गाणे डोक्यावर घेतले. हेही आपले माकड-गिधाडाचेच गाणे! कवी ठाऊक, संगीतकार ठाऊक. वाजवणारे कोण होते? तबकडीवर त्यांना जागा नव्हती. दिवसाची मजुरी घ्यायची आणि वाद्य पेटीत घालून लोकल पकडायची. तबकडी पन्नास वर्षे विकली गेली तरी वाजवणाऱ्याला मजुरी मिळाली त्या एका दिवसाचीच. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव पोराटोरांच्या तोंडी गेले. पण ते नाव मुंबईच्या स्टुडिओंतल्या खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे आणि संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या त्या गुरूला दिलेली ती मानवंदना आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

पुढे सिंथेसायझर आला. एक माणूस, एक कळफलक, आणि त्यातून पन्नास व्हायोलिनांचा आवाज. पन्नास घरांच्या चुली मंदावल्या. मुंबईच्या वादकांची संघटना होती, तिने दर ठरवून घेतले, वेळा ठरवून घेतल्या. पण विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे हिस्सा आणि त्यातून बेकारांसाठी निधी, ही गोष्ट हातात नव्हती. म्हणून यंत्र आले तेव्हा मानेभोवती घालायला फास नव्हता. आनेकलच्या ऑपरेटरला आज हाच धडा घ्यायचा आहे.

'शेवटी हरलेच ना?'

विरोधकांचे शेवटचे अस्त्र असते, की अहो, तो संपही शेवटी वायाच गेला. खरे काय ते पाहू. संपाची किंमत होती, ती आम्ही लपवत नाही. मोठे वाद्यवृंद मागे पडले आणि गायक पुढे आले. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेने टाफ्ट-हार्टले कायदा करून संघटनेच्या ताब्यातल्या अशा निधीत मालकाने पैसे भरणे बेकायदा ठरवले. पण वादकांनी १९४८ साली जवळजवळ वर्षभर पुन्हा मुद्रण बंद ठेवले आणि स्वतंत्र विश्वस्ताच्या हाताखाली तोच निधी नव्या नावाने मिळवला. त्यातून शाळांत, बागांत, रुग्णालयांत मोफत कार्यक्रम होत राहिले आणि वादकांना त्यांची मजुरी मिळत राहिली. याला हार म्हणत असाल तर अशा हारी आम्हाला हव्यात!

आणि धंदा बुडाला म्हणाल, तर तेही खोटे. करार करणाऱ्या लहान कंपन्यांना तर बाजार मोकळा मिळाला. १९४५ मध्ये एका छोट्या कंपनीचे जो लिगिन्सचे 'द हनीड्रिपर' काळ्यांच्या यादीत अठरा आठवडे पहिले होते.

आपल्याकडेही हा मार्ग अनोळखी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रातल्या हमालाच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेतली आणि रस्त्यावरच्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसला. आमच्यातल्या कित्येकांच्या आया निपाणीत विड्या वळत होत्या, त्या उपकरातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. राखणदार झोपला की शेत कोण खाते, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस संप करून बुद्धिमान यंत्रांच्या वापरावर करारात अटी घालून घेतल्या. आणि आपण ज्या राज्यात राबतो त्या कर्नाटकानेच २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. मोबाइलवरच्या प्रत्येक व्यवहारामागे कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या एक ते पाच टक्के एवढे शुल्क कंपनीने कल्याण निधीत भरायचे. प्रत्येक तबकडीमागे हिस्सा आणि प्रत्येक व्यवहारामागे हिस्सा, तत्त्व तेच. मग डिलिव्हरीवाल्या भावासाठी जे न्याय्य, ते कारखान्यातल्या ऑपरेटरसाठी का नाही?

आमचे म्हणणे

म्हणून आनेकल पट्ट्यातल्या आमच्या बैठकीत जे ठरले ते आम्ही या पानांतून सर्व साथींपुढे ठेवतो.

एक. संघटनेशी लेखी करार झाल्याशिवाय कुणीही कपाळावर कॅमेरा बांधू नये. हात आपले, डोळे आपले, तीस वर्षांत कमावलेला अंदाज आपला. पगार कामाचा मिळतो, कसब कंपनीने विकत घेतलेले नाही.

दोन. चित्रीकरण कशासाठी, कुठे, किती काळ वापरणार आणि कोणाला विकणार, हे करारात असावे. त्यावर चालणारे यंत्र जितके दिवस, जितक्या कारखान्यांत राबेल, तितका हिस्सा निधीत यावा.

तीन. त्या निधीतून यंत्रामुळे काम गेलेल्याला पगार आणि नवे प्रशिक्षण मिळावे, आणि त्यात कंत्राटी कामगाराचा पहिला हक्क असावा. निधीच्या मंडळावर कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत.

चार. कायम आणि कंत्राटी, मराठी आणि कन्नड, तमिळ आणि ओडिया यांची संघटना एकच असावी. शिकागोची चूक बोम्मसंद्रमध्ये नको.

सल्लागार साहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. त्यांनी ते गाणे जरूर लावावे, चाल खरोखरच चांगली आहे. आम्ही ठेकाही धरू. फक्त गाणे संपल्यावर त्यांना आम्ही एकच विचारू, की साहेब, यातले माकड कोण आणि गिधाड कोण? उत्तर त्यांनी नाही दिले तरी चालेल. सैर फुकट आहे असे ज्याने सांगितले त्याच्या पाठीवर आपण बसलेलो आहोत, उंची वाढते आहे आणि त्याला भूक लागलेली आहे. साथींनो, शेपटी एकट्याची आखूड पडते. सगळ्यांची मिळून फास होते.

कामगार एकजुटीचा विजय असो!